राणीच्या गळ्यातलं जाळं

हा गाऊन मी सूड म्हणून शिवला. कोणी लेकीसाठी शिवतं, कोणी पोटासाठी. मी डूख धरून शिवला, आणि खरं सांगते, इतकी नीट शिवण माझ्या हातून आधी कधीच उतरली नव्हती.

लाखनीला हायवेला लागून माझं शिवणाचं दुकान आहे. समोरून भरलेला ट्रक गेला की काचेच्या कपाटात टांगलेली ब्लाउजं आपोआप हलतात. दुकानात दोन मशिनी आहेत, एक पायाची, एक मोटरची. गाऊन हातात घेतला तेव्हा दोन्हींवर चादर टाकली. नवऱ्यानं विचारलं, "मशीन असतानी हातानं कायले शिवून राहिली वो?" मी म्हटलं, मशिनीवर लवकर संपेल. त्याला वाटलं बायकोचं डोकं फिरलं. पण मला ते लवकर संपवायचं नव्हतंच. एक एक टाका घालत मला मागचं सगळं पुन्हा काढायचं होतं.

गाऊन विलायतेच्या एका जुन्या राणीचा. चारेकशे वर्षांपूर्वीची बाई. तिचं नाव लाखनीत फार जणांना ठाऊक नसेल, पण तिची ती कॉलर एकदा पाहिली की माणूस विसरत नाही. मानेभोवती पांढऱ्या चुण्यांचं मोठं चाक, आणि त्याच्यावर ताटात ठेवल्यासारखं डोकं. खाली छाती-पोट आवळून धरणारी ताठ चोळी, समोरून टोकदार. बाह्या वेगळ्या, खांद्याला नाड्यांनी बांधायच्या. आणि घागऱ्याच्या आत गोल कड्यांचा सांगाडा, म्हणजे चालताना पाय दिसत नाहीत, बाई नुसती सरकत येते. फोनवर आता याची हजार चित्रं मिळतात. मी एकही पाहिलं नाही. मला तो गाऊन पाठ होता.

बाई दुकानाची पायरी चढल्या तेव्हा मी खाली मान घालून काज करत होते. आवाज आला, "अहो ताई, ऐतिहासिक ड्रेस शिवता का?" आणि माझी सुई बोटात गेली. माणसाचा चेहरा बदलतो, केस जातात, चष्मा जाड होतो. आवाज मात्र आहे तिथंच राहतो. वर पाहिलं. त्याच होत्या, माझ्या शाळेतल्या बाई. सोबत दहाएक वर्षांची नात. मुलाकडे राहायला आल्या होत्या लाखनीला. नातीच्या इंग्रजी शाळेत नाटुकलं होतं आणि नात राणी होणार होती. "अगदी ओरिजिनल वाटलं पाहिजे हं," बाई म्हणाल्या. "मी शाळेत शिकवत असताना असलं एक नाटक बसवलं होतं. फार गाजलं होतं ते."

फार गाजलं होतं म्हणे! मी त्यांना पाणी दिलं. राग कितीही असला तरी बाईंना अगंतुगं करायला माझी जीभ वळत नाही, हे माझं दुखणं. मी म्हटलं, शिवते, पण हातानं शिवीन, वेळ लागेल. त्या खूश झाल्या. मला त्यांनी ओळखलं नाही.

त्या गेल्यावर मी कपाटाच्या वरच्या फळीवरून सुताची लडी काढली, आणि तिचा वास नाकात शिरला तसं माहेरचं, कोंढ्याचं आमचं अंगण माझ्याभोवती उभं राहिलं.

आम्ही ढिवर, मासे धरणारे. कोंढ्याला आमच्या घरामागं बोडी होती, म्हणजे लहान तलाव. थंडीच्या दिवसांत तिच्यावर धुकं असं बसायचं की पलीकडच्या काठावरचे लोक बोलताना ऐकू यायचे, दिसायचे नाहीत. धान कापून झालेलं असायचं, रिकाम्या बांधीत लाखोरी डाळीची निळी फुलं उघडायची, आणि आमच्या चुलीवर शिंगाडे उकडत असायचे. शिंगाड्याचं पाणी काळं होतं. बोटंही काळी होतात. शाळेत माझी बोटं कायम काळी असायची आणि मी ती फ्रॉकच्या घडीत लपवायची.

बाबा अंगणात बसून जाळं विणायचा. तोवर नायलॉनची तयार जाळी बाजारात आली होती, सगळे तीच आणत. बाबा म्हणायचा, "नायलानचं जाळं मासोळीले कापते. सुताचं जाळं धरते." पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून, बांबूची सुई आणि बांबूची पट्टी घेऊन तो गाठीमागून गाठ मारत जायचा. गाठ बसली की जिभेनं हलकासा 'टक्' आवाज करायचा. तो आवाज मला अजून झोपेत येतो. मलाही त्यानं विणायला शिकवलं होतं. माझ्या गाठी त्याच्यापेक्षा बारीक यायच्या, आणि तो ते गावात सांगत फिरायचा.

मग जाळं शिजवायचं. ऐनाच्या झाडाच्या सालीचा काढा मोठ्या हंड्यात उकळायचा, नवं पांढरं जाळं त्यात बुडवून ठेवायचं. वर काढलं की ते तांबूस तपकिरी झालेलं असायचं, ओल्या मातीसारखं. त्याचा वास तुरट, थोडा जंगलाचा, थोडा धुराचा. असं पक्कं केलेलं जाळं पाण्यात सडत नाही. आमच्या घरात मूल झालं की बारसं करायचं, आणि जाळं झालं की काढ्यात बुडवायचं. दोन्ही न सांगता व्हायची.

या सगळ्याचा शाळेत एकच अर्थ होता. वास. मी आंघोळ करून, लिंबाचा पाला हातांना चोळून, केसांना दोनदा पाणी घालून एसटीनं शाळेत जायची. तरी बाकावरची मुलगी थोडी सरकून बसायची. मी तिला काही म्हणायची नाही. घरी येऊन मायला म्हणायची, आणि माय म्हणायची, "वास येते तं येऊ दे. याच वासानं तुह्या पाटीले पेन्सिल येते."

आणि अशा माझी निवड बाईंनी राणी म्हणून केली. गॅदरिंगचं नाटक होतं. विलायतेचे व्यापारी राणीपुढं येतात, हिंदुस्थानात जायची परवानगी मागतात, राणी परवानगी देते. राणीला बोलायला खूप होतं आणि मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असा आवाज वर्गात माझाच. बोडीच्या या काठावरून त्या काठाला हाका मारून तयार झालेला. बाई म्हणाल्या, "आवाज आहे हिला. पोशाख ज्याचा त्यानं करायचा." आणि एका पुस्तकातलं चित्र त्यांनी मला घरी न्यायला दिलं.

त्या पोरीचे ते दिवस मी आता आठवते तेव्हा मला तिचा हेवा वाटतो. सगळं घर त्या चित्राभोवती बसलं होतं. घागऱ्याच्या सांगाड्यासाठी बुरडानं बांबूच्या हिरव्या कमच्या काढून दिल्या आणि त्यांची लहान-मोठी कडी वळवून दिली. कोंबड्या झाकायची टोपली करतात तसंच ते होतं, फक्त वरून उघडं. बिछायतवाल्याकडं लग्नाच्या मांडवाची जुनी लाल मखमली झालर पडून होती. तिच्यावर हळदीचे डाग होते, ते चुण्यांत दडवले. आमच्याकडं मशीन नव्हती. माय आणि मी, दोघींनी धावदोऱ्यावर धावदोरा घातला. घागऱ्याचा काठ संपता संपेना. मायचं बोट सुईनं चाळण झालं होतं. चोळी ताठ राहावी म्हणून तिच्या दुहेरी कापडात बारीक कमच्या सरकवल्या. मी ती घातली आणि मला वाकता येईना. माय हसून लोटपोट. म्हणाली, "राणीले खालचं काही उचला लागत नाही वाटते!"

कॉलर मी एकटीनं केली. बारीक पांढरं सूत घेतलं आणि बाबाच्या पट्टीपेक्षा अरुंद पट्टी कापून अगदी लहान घरांचं जाळं विणलं. हातभर रुंद, आणि लांब म्हणजे अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मोहाच्या झाडाखाली बसून विणायची. संध्याकाळ झाली की जाळ्याचं घर दिसायचं नाही, तेव्हा बोटांनी चाचपून गाठ मारायची. पुढचं सगळं ठरलं होतं. भाताची दाट पेज लावायची, बोटाएवढ्या बांबूच्या तुकड्यांवर चुण्या पाडून वाळवायचं, की चाक उभं राहील. पांढरंशुभ्र. चित्रातल्यासारखं.

जाळं विणून संपलं त्या दिवशी मी ते घडी करून खाटेवर ठेवलं आणि शाळेत गेले.

परत आले तर ते अंगणात दोरीवर वाळत होतं. तांबूस. तपकिरी. बाबा त्याच्या बाजूला उभा होता, आणि इतका आनंदात मी त्याला क्वचितच पाहिलं असेल.

"असं पांढरंच ठेवलं तं सडते, पोरी," तो म्हणाला. "तुह्या राणीचं जाळं मी पक्कं करून देलो. आता तुह्या नातवाईपर्यंत टिकते."

मी अंगणात बसून भोकाड पसरलं. बाबाला कळेना. तो मायकडं बघायचा, माझ्याकडं बघायचा. "काहून रडून राहिली? रंग तं झाक आला!" चित्र त्याच्यापुढं धरलं तेव्हा त्यानं ते दूर धरलं, जवळ धरलं, आणि एवढंच म्हणाला, "तिच्या बापानं बुडवलं नसन."

पुन्हा विणायला वेळ नव्हता. मी त्या तपकिरी जाळ्यालाच पेज लावली, चुण्या पाडल्या. आणि गंमत अशी की चाक उभं राहिलं ते फार सुंदर. सालीनं सूत कडक झालं होतं. आरशात पाहिलं तर मी चित्रातल्या बाईसारखी दिसत नव्हते. पण राणी दिसत होते. आमच्याकडची.

रंगीत तालमीला मी सगळं घालून वर्गात उभी राहिले. बाई चष्मा वर करून जवळ आल्या. कॉलर दोन बोटांत धरली, वास घेतला, आणि वर्गाकडं तोंड करून म्हणाल्या, "अगं, राणीच्या गळ्यात मासे धरायचं जाळं?"

वर्ग हसला. काय हसला! तो हशा मी अजून कानात जपून ठेवला आहे. मारलेलं माणूस विसरतं, पण हसलेलं नाही विसरत. मग त्यांनी घागरा, चोळी, सांगाडा, बाह्या माझ्या अंगावरून उतरवायला लावल्या आणि आपल्या भाचीला दिल्या. भाची गोरी होती, नागपूरहून शिकायला आली होती. तिच्या गळ्यात बाजारची पांढरी लेस आली. मला सांगितलं, तू हुशार आहेस, तू पडद्यामागं थांब आणि हिला नेसव. कोणाला काय नेसवायचं हे तुझ्याशिवाय कोणाला कळणार?

नेसवलं मी. चोळीच्या नाड्या मागून ओढताना मी गुडघा तिच्या पाठीला लावला आणि बाबा होडी बांधतो तशी आवळली. राणी रंगमंचावर गेली, दोन वाक्यं बोलली आणि तिला धाप लागली. पुढची वाक्यं व्यापाऱ्यांनीच आपसात वाटून घेतली. मला त्याचं तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

वाईट वाटलं ते पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं तेव्हा. सतरंजीवर अगदी पुढं बाबा बसला होता. धुतलेलं धोतर, डोक्याला तेल. माय होती, आत्या होती, आत्याची पोरं होती, सगळे दुपारच्या एसटीनं आले होते. मी घरी काही सांगितलंच नव्हतं. राणी आली तेव्हा बाबानं टाळ्या वाजवल्या. मग तो थांबला. मग मान लांब करून तो राणीच्या मागं बघत राहिला, तिच्या मागून अजून कोणी येईल म्हणून. नाटक संपलं, बक्षिसं झाली, शिपाई सतरंज्या गुंडाळत बाबापर्यंत आला, तरी तो बसलेलाच.

परतीच्या एसटीतून उतरताना बाबा म्हणाला, "पडदा मोठा होता लय." तेवढंच. मी तेव्हापासून धरून चालले की त्याला काही कळलंच नाही. साधा माणूस. त्याला वाटलं असेल, पोरगी होती कुठंतरी, पडद्यामुळं दिसली नाही. आणि त्याला कळलं नाही म्हणून तर मला सगळं दोघांच्या वाटचं लक्षात ठेवावं लागलं.

तेव्हा बाईंच्या नातीचा गाऊन मी कसा शिवला असेल ते समजा. सांगाडा बांबूचा. मखमल यावेळी नवी, गर्द लाल. सगळी शिवण हातची, उलट टिपेनं, टाक्याला टाका चिकटून. आणि कॉलरीचं जाळं मी स्वतः विणलं, कोंढ्याहून ऐनाची साल मागवली, आणि दुकानाच्या मागं हंडा चढवला. शेजारचा मोबाईलवाला विचारायला आला, "काकू, काय शिजवून राहिल्या?" मी म्हटलं, औषध.

मला पाहिजे होतं ते फार नव्हतं. बाईंनी ती तपकिरी कॉलर पाहावी, त्यांना तो वर्ग आठवावा, आणि त्यांचं तोंड उतरावं. नातीच्या देखत उतरावं. एवढंच. त्यावर मी इतकी वर्षं काढली होती.

फिटिंगला दोघी आल्या. मुलगी गोड होती, हे मला परवडणारं नव्हतं, पण होती. घागरा घातल्यावर तिनं गिरकी घेतली आणि सांगाडा टेबलाला लागून स्टूल पडलं. "काकू, हे टोचून राहिलं, पण राहू द्या," ती म्हणाली. "राणीले टोचतच असन ना?" मला हसू आलं आणि माझाच राग आला. मग मी डब्यातून कॉलर काढली, तिच्या गळ्याला बांधली, आणि बाईंकडं वळून उभी राहिले.

बाईंनी चष्मा वर केला. जवळ आल्या. दोन बोटांत कॉलर धरली. वास घेतला.

"अहाहा!" त्या म्हणाल्या. "काय सुंदर रंग आहे हो! अँटिक! झाडाच्या सालीचा ना? हल्ली शहरात याला किती मागणी आहे. पांढऱ्यापेक्षा हेच कितीतरी राजेशाही दिसतं."

इतकी वर्षं धार लावलेली कात्री, आणि बाईंनी ती हातात घेऊन कौतुक करावं.

मी म्हणाले, "कोंढ्याचं जाळं आहे, बाई. तिथले ढिवर विणतात."

"कोंढा?" बाईंचा चेहरा एकदम उजळला. मला वाटलं, आलं. आता आलं. त्या खुर्चीत बसल्या आणि नातीला सांगू लागल्या, "अगं, त्या कोंढ्याची मरळ मी खाल्लीय एकदा. गॅदरिंगच्या दिवशी सकाळी सकाळी एक मासेवाला दारात. ओल्या पोत्यात ही एवढी मोठी मरळ, जिवंत! म्हणे, बाई, चूक पोरीची नाही, माझी आहे, मी रंगात बुडवलं, पोरीला राणी राहू द्या. हात जोडून उभा. मी म्हटलं, बघू. साधी माणसं बिचारी. पण मासा! काय चव होती. अजून आठवते."

ट्रक गेला, ब्लाउजं हलली.

म्हणजे बाबाला ठाऊक होतं. सकाळीच ठाऊक होतं, शाळेतल्या कुठल्या पोराकडून कळलं असेल. तो मासा घेऊन त्यांच्या दारात गेला, चूक स्वतःवर घेतली, "बघू" हा शब्द घेऊन परत आला, आणि त्या एका शब्दाच्या भरवशावर सगळ्या गोताला घेऊन सतरंजीवर पुढं येऊन बसला. बाईंना मासा आठवत होता. मासा खाल्ला, पोरगी नाही चालली.

मी मुलीच्या गळ्यातून कॉलर सोडली. नाड्या सोडल्या. बाह्या काढल्या.

"काय झालं? काही दुरुस्ती आहे का?" बाईंनी विचारलं.

"तो मासेवाला माझा बाप," मी म्हटलं. "आणि ती पोरगी मी."

बाईंनी तोंडावर हात धरला. पण उतरलं नाही ते तोंड. उलट हसल्या, मनापासून. "अय्या, तू! अगं मग आधी सांगायचं नाहीस का? माझी विद्यार्थिनी! केवढी मोठी झालीस. तुझं नाव... थांब, सांगू नकोस, मला सगळ्यांची नावं आठवतात." त्या कपाळाला बोट लावून बसल्या. मग हळूच दुकानाच्या पाटीकडं पाहून त्यांनी पाटीवरचं नाव घेतलं.

"ते नाही," मी म्हटलं. "ते सासरचं. लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं लिहिलेलं. तुमच्या वर्गात होतं ते नाव सांगा."

"सुनंदा?" त्या म्हणाल्या. "मंदा? अगं, नंदाच काहीतरी होतं..."

"गाऊन तयार आहे, बाई. नाव आठवेल त्या दिवशी येऊन न्या."

त्या पुन्हा हसल्या, आणि माझ्याकडं नीट पाहिल्यावर हसायच्या थांबल्या. "हा काय पोरखेळ आहे? शुक्रवारी कार्यक्रम आहे. या लेकराचं काय?"

"नाही आठवलं तर कोंढ्याला माझा बाप आहे. एसटी जाते. बोडीजवळ कोणालाही विचारा, घर दाखवतील. त्याला विचारा, तुझ्या पोरीचं नाव काय होतं."

मुलीचं तोंड एवढंसं झालं होतं. मला ते बघवत नव्हतं. तरी मी मखमलीची घडी घातली आणि कपाटात ठेवली. दोघी पायरी उतरून गेल्या. त्यानंतर कोणी ब्लाउज टाकायला आलं की मी माप घ्यायची आणि लिहायचं विसरायची. मनात मी एसटीत बसलेल्या बाई पाहत होते. बोडीच्या पाळीवरून पदर सावरत चालणाऱ्या. आमच्या अंगणात दोरीवरच्या जाळ्याखालून वाकून जाणाऱ्या. माझा जीव त्या चित्रानं सुखावत होता, हे कशाला लपवू?

पण एक भीतीही होती. बाबा आता म्हातारा झाला आहे. दारात आलेल्या माणसाला तो पाणी विचारतो, बसायला खाट टाकतो. बाईंनी विचारलं की तो हसत सांगून टाकेल. नाव सांगेल, माझ्या लहानपणच्या दोन गोष्टी सांगेल, वर घरातले शिंगाडे बांधून देईल. आणि माझा सूड तिथंच विरून जाईल.

बुधवारी दुपारी त्याचा फोन आला. फोनवर तो अजूनही बोडीच्या पलीकडं हाक मारल्यासारखा ओरडतो.

"पोरी, तुही बाई आली होती."

"एकट्याच?"

"एकटीच. मोटार नाही, काही नाही. चालत आली पाळीवरून. चप्पल चिखलानं भरली होती. खाट टाकून देलो, च्या पाजलो."

"काय म्हणाल्या?"

"नाव विचारे तुहं. शाळेतलं. लय वेळ बसली. मंग रडली बी थोडी. म्हणे, माहं चुकलं, भाऊ."

मी डोळे मिटून घेतले. बाई रडल्या. ते ऐकायला मी सगळं आयुष्य थांबले होते आणि ते ऐकायच्या वेळी मी तिथं नव्हते. "मग? सांगितलं नाव?"

पलीकडं तो खोकला.

"नाही सांगलो," बाबा म्हणाला.

"काहून?" माझ्या तोंडून आपोआप आमची बोली निघाली.

"मी म्हणलो, बाई, बघू."

मी हसले की रडले, सांगता येत नाही. दुकानात आलेली गिऱ्हाईक बाई घाबरून उठून उभी राहिली. बाबा श्वास घेतो तेव्हा छातीत घरघर होते, ती ऐकू येत होती. मला आयुष्यभर जो साधा वाटला, तो माणूस माझ्याइतकीच वर्षं दबा धरून बसला होता.

"आयक," तो म्हणाला. "तिची नात लहान आहे. त्या पोरीनं कोनाचं काय बिघडवलं? तिले गाऊन देऊन टाक. नेसवून बी दे, नीट."

"आणि बाईंना?"

"तिले नाव नको देऊ."